शिसवी बाक आणि पानाफुलांचे कापड

बैठकीच्या खोलीविषयी या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. घरात वाडवडिलांचे किंवा हौसेने घेतलेले जुन्या घडणीचे लाकडी फर्निचर आहे आणि त्याच्यासोबत पाने, फुले, वेली, पक्षी यांची नक्षी असलेले कापड वापरायचे आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रात खोलीचे वर्णन नेमके असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने लिहिले आहे. इतर वाचकांनाही त्यातून आपापल्या खोलीचा हिशेब मांडता येईल.

प्रश्न : ताई, मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे पुढची मोकळी खोली, आम्ही आता बैठकीची खोली म्हणून वापरतो. खोली चौदा फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या आहेत आणि जमीन तांबड्या रंगाची, घोटलेली आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचे शिसवी फर्निचर आहे : वेताने विणलेला तिघांचा बाक, तशाच दोन खुर्च्या, एक आरामखुर्ची, कोरीव पायांचे गोल मेज आणि काचेचे कपाट. सूनबाईंना मोठ्या पानांचे आणि पक्ष्यांचे कापड आवडते, तर यजमानांना वाटते की त्यामुळे खोलीचा भारदस्तपणा जाईल. काहीच बदल केला नाही तर खोली संग्रहालयासारखी दिसते, हेही खरे आहे. एका परिचितांनी सगळे फर्निचर पांढरे रंगवून घेण्याचा सल्ला दिला आहे. काय करावे? कापड कोणते आणि किती घ्यावे? (एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत आधी रंगाविषयी, कारण ती एकच गोष्ट अशी आहे की जी एकदा केल्यावर परत फिरवता येत नाही. शिसवी लाकडावर पांढरा ऑइल पेंट देऊ नये. शिसवीचा जांभळट तपकिरी रंग आणि त्यातल्या काळसर रेषा ही त्या लाकडाची स्वतःची नक्षी आहे. ती रंगाखाली गेली की कोरीव पायांच्या खाचांतून आणि वेताच्या बारीक छिद्रांतून रंग पूर्णपणे कधीच निघत नाही. बहुधा आपल्या बाकावर लाखेचे पॉलिश असेल. ते ओळखण्यासाठी बाकाच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर पॉलिशसाठी वापरतात त्या स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. जागा चिकट झाली तर ते लाखेचे आहे असे समजावे. लाखेच्या पॉलिशची मोठी सोय अशी की जुना थर खरवडून काढावा लागत नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात दिला की नवा थर जुन्यात मिसळतो आणि लाकूड उजळते. हे काम उन्हाळ्यात करून घ्यावे. हवेत दमटपणा असताना लाखेवर पांढरट झाक धरते, त्यामुळे आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात पॉलिशचे काम काढू नये.

आता संग्रहालयाविषयी. संग्रहालयात वस्तू भिंतीलगत रांगेने मांडतात, कारण तिथे पाहणारा चालत असतो. घरात पाहणारा बसलेला असतो आणि समोरच्याशी बोलत असतो. जुन्या घरांत बाक, खुर्च्या, कपाट असे सारे भिंतीला टेकवून ठेवण्याची पद्धत आहे, कारण मधल्या जागेत जाजम किंवा सतरंजी पसरून पंगत, भजन, लग्नाची बैठक असे कार्यक्रम होत असत. आज आपल्याकडे त्या मोकळ्या जागेचा रोज उपयोग होत नसेल, तर बाक भिंतीपासून निदान चार बोटे पुढे घ्यावा, दोन्ही खुर्च्या त्याच्याकडे किंचित वळवून मेजाच्या पलीकडे ठेवाव्यात आणि आरामखुर्ची खिडकीजवळ एकटी असू द्यावी. भिंतीपासून सोडलेल्या या अंतराचा पावसाळ्यातही फायदा होतो. ओल धरलेल्या भिंतीला लाकूड आणि कापड टेकत नाही. काचेचे कपाट मात्र या खोलीतून हलवता आले तर हलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चौदा बाय बाराच्या खोलीत सहा गडद वस्तू जास्त होतात, आणि खोली जड वाटते ती लाकडाच्या रंगामुळे वाटते असा मग आपला गैरसमज होतो.

पानाफुलांचे कापड आणले तर भारदस्तपणा जाईल, ही यजमानांची शंका मी गांभीर्याने घेते, परंतु इतिहास तिला दुजोरा देत नाही. आपल्या आज्या ज्याला चिटाचे कापड म्हणत, ते हातांनी रंगवलेले आणि ठशांनी छापलेले सुती कापड सतराव्या शतकापासून भारताच्या किनाऱ्यांवरून जहाजांनी युरोपात जात होते आणि तिथल्या श्रीमंत घरांत कोरीव पलंगांचे पडदे, खुर्च्यांची आच्छादने म्हणून वापरले जात होते. त्याची ओढ इतकी वाढली की तिथले विणकर अस्वस्थ झाले. फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनेही १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरावर कडक निर्बंध आणले, ते १७७४ मध्ये उठले. म्हणजे घडीव लाकूड आणि वेलबुट्टीचे सुती कापड ही जोडी मुळात आपल्याच मालाने जुळवलेली आहे. त्या कापडाची घडणही आपल्या ओळखीच्या वस्तूंतून होते. कलमकारीसाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, तोच हिरडा जो आपल्या सह्याद्रीच्या जंगलांत पिकतो. आणि चित्राची काळी रेघ ओढण्याची शाई गंजलेले लोखंड व गूळ पाण्यात आंबवून तयार होते. गुळाच्या गावातल्या माणसाला हे वाचून आपुलकी वाटावी.

या परंपरेतून शिकण्यासारखी एक गोष्ट कापड निवडताना फार उपयोगी पडते. इंग्लंडमधील नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८८३ मध्ये केलेली एक नक्षी प्रसिद्ध आहे. त्यांच्या गावाकडील घराच्या बागेत स्ट्रॉबेरी पळवायला येणाऱ्या थ्रश पक्ष्यांवरून ती सुचली. कापड आधी पूर्ण निळीत रंगवायचे, मग नको तिथली नीळ उडवायची आणि त्या जागी तांबडा व पिवळा रंग भरायचा, अशा खटाटोपाने ते छापले जात असे. त्या नक्षीत पक्षी जोडीजोडीने समोरासमोर आहेत, पाने-फुले एकमेकांत गुंतलेली आहेत आणि रिकामी जागा जवळजवळ नाही. एवढी दाट नक्षी असूनही ती डोळ्यांना त्रास देत नाही, कारण दहा फुटांवरून सगळे मिळून एकच शांत, गडद रंग दिसतो. जवळ गेल्यावर पक्षी सापडतात. याउलट पांढऱ्याशुभ्र जमिनीवर, म्हणजे कापडाच्या मूळ रंगावर, सुटी सुटी, हातभर लांबीची हिरवी पाने छापलेले कापड दुकानात ताजेतवाने दिसते आणि घरी आणल्यावर खोलीत दुसरे काही दिसूच देत नाही. माझ्या स्वतःच्या घरी मी अशा मोठ्या पानांचे पडदे लावले होते. दुपारच्या उन्हात प्रत्येक पान वेगळे उठून दिसे आणि त्याखालचे सागवानी कपाट हरवून जाई. वर्षाच्या आत ते पडदे मी उतरवले. म्हणून सूनबाईंना माझी विनंती अशी की पक्षी आणि पाने अवश्य घ्यावीत, मात्र नक्षी दाट आणि एकसारखी पसरलेली असावी, आणि कापडाची जमीन शुभ्र न घेता सायीच्या किंवा फिकट गव्हाच्या रंगाची घ्यावी.

ही मुख्य नक्षी खोलीत एकाच ठिकाणी असावी, आणि आपल्या खोलीत ती जागा पडद्यांची आहे. याचे कारण केवळ सौंदर्याचे नाही. पक्षी, झाडे, उभ्या वेली यांना वर आणि खाली अशी दिशा असते. लांब बाकाच्या गादीसाठी जोड टाळायचा तर कापड ताक्याच्या लांबीच्या दिशेने कापावे लागते. मग उभी नक्षी आडवी होते आणि पक्षी बाकावर कुशीवर पडल्यासारखे दिसतात. पडद्यावर तीच नक्षी जशी रंगवली तशी उभी राहते. बैठकीसाठी दिशा नसलेली, विखुरलेली बारीक बुट्टी किंवा साधे जाडसर हातमागाचे कापड घ्यावे.

बैठकीच्या गादीबाबत एक सूचना. आपला बाक वेताचा आहे. त्यावर चार इंचांचा फोम टाकला तर बसण्याची उंची बिघडते, हात टेकण्याच्या दांड्या खाली जातात आणि विणकाम झाकले जाते ते वेगळेच. दोन इंचांची कापसाची गादी पुरे आहे, आणि पाठीचे वेत पूर्ण उघडे ठेवावे. पश्चिमेच्या उन्हात त्या जाळीची सावली भिंतीवर पडते, तिच्याइतकी सुंदर नक्षी विकत मिळत नाही. वेत बसून बसून सैल झाला असेल पण तुटलेला नसेल, तर बाक उलटा करून खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवलेले फडके त्यावर ठेवावे आणि मग सावलीत, वारा लागेल असे दोन दिवस वाळू द्यावे. वाळताना वेत आकसतो आणि बैठक पुन्हा ताणली जाते. पॉलिशच्या लाकडावर पाणी जाऊ देऊ नये. वेत मध्येच तुटला असेल तर मात्र विणणाऱ्या कारागिराकडून पूर्ण बैठक नव्याने विणून घ्यावी. तुकडा जोडलेली जाळी टिकत नाही.

कापडाचा हिशेब असा. आपल्या खिडक्या चार फूट रुंद आहेत असे धरले, तर पडद्याचा दांडा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे यावा, म्हणजे साठ इंच झाले. पडद्याला चांगल्या चुण्या पडण्यासाठी याच्या दुप्पट, म्हणजे एकशेवीस इंच रुंदीचे कापड हवे. ठशांच्या छपाईच्या सुती कापडाचा पन्हा साधारणतः चव्वेचाळीस इंच असतो, तेव्हा एका खिडकीला तीन पन्हे लागतील. दांड्यापासून जमिनीपर्यंत साडेसात फूट आणि वरखाली दुमडण्यासाठी एक फूट असे धरून प्रत्येक पन्ह्याला सुमारे दोन मीटर साठ सेंटिमीटर कापड जाते. दोन्ही खिडक्यांचे मिळून साधारण पंधरा मीटर साठ सेंटिमीटर होते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि नक्षी जुळवतानाही थोडे वाया जाते, म्हणून सतरा मीटर घ्यावे, आणि शिवण्यापूर्वी ते एकदा पाण्यातून काढून घ्यावे. ही पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो. मग पडदे पहिल्या धुण्यानंतर जमिनीपासून चार बोटे वर लोंबतात. बैठकीचे कापड चोपन्न इंच पन्ह्यात मिळते. पाच फुटांच्या बाकाला दोन मीटर आणि दोन्ही खुर्च्यांना मिळून दीड मीटर, म्हणजे साडेतीन मीटर पुरते. गादीच्या खोळी चेन लावून काढता-घालता येतील अशाच शिवाव्यात.

पश्चिमेच्या उन्हाचा विचार पडद्याच्या अस्तराने करावा. वनस्पतिजन्य रंग असोत की कारखान्यातले, रोज तीन-चार तास थेट ऊन लागले तर दोन-तीन वर्षांत दुमडीच्या रेषांवर ते उडू लागतात. फिकट रंगाच्या पॉपलिनचे अस्तर लावले की ऊन आधी त्यावर पडते, छापील कापड वाचते आणि संध्याकाळी खोलीत उजेडही मऊ येतो. शिसवी लाकडालाही थेट ऊन मानवत नाही. गडद लाकूड उन्हात हळूहळू फिके पडते, आणि ते एका बाजूनेच फिके पडले तर फार उठून दिसते.

रंग निवडताना आपल्याकडे दोन गोष्टी पक्क्या आहेत, तांबडी जमीन आणि जांभळट लाकूड. त्यांच्यामध्ये मेंदीसारखा दबलेला हिरवा उत्तम बसतो. पडद्याच्या नक्षीत कुठेतरी मंजिष्ठेचा विटकरी तांबडा असावा, म्हणजे जमिनीचा रंग भिंतीपर्यंत चढल्यासारखा वाटतो आणि खोली एकसंध होते. बैठकीला साधा निळीचा किंवा राखट हिरवा रंग द्यावा. चॉकलेटी, मरून हे रंग शिसवीजवळ टाळावेत. कापड आणि लाकूड एकमेकांत बुडून दोन्ही मळकट दिसतात. भिंती चुन्याच्या पांढऱ्यात किंचित पिवळट झाक असलेल्या ठेवाव्यात आणि निळसर पांढऱ्या उजेडाच्या दिव्यांऐवजी पिवळसर उजेडाचे दिवे लावावेत. हा बदल सर्वांत स्वस्त आहे आणि पहिल्याच संध्याकाळी जाणवतो.

उरलेल्या छोट्या जागा घरच्या वस्तूंसाठी आहेत. कर्नाटकातील गुळेदगुड्डचे खण कोल्हापूरकरांना नवे नाहीत. पन्हा अरुंद आणि बुट्टी बारीक, त्यामुळे खणाच्या कापडाचे अभ्रे छोट्या उश्यांना फार शोभतात. दोन किंवा तीन पुरेत. घरात जुनी पैठणी असेल आणि ती धड असेल तर कापू नये. विरलेली असेल तर तिच्या पदरातील मोर, मुनिया (पोपट) किंवा काठाची आसावली (फुलांची वेल) यांचा तुकडा मागे सुती कापड देऊन चौकटीत लावावा, आणि तो खिडकीच्या समोरच्या भिंतीवर न लावता खिडकीच्याच बाजूच्या भिंतीवर लावावा, म्हणजे थेट ऊन लागणार नाही. रेशीम बसण्याच्या जागी वापरू नये. आरामखुर्चीवर आजीची वाकळ घडी करून टाकावी. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ या सगळ्या रंगांना आपोआप सामावून घेते, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याला ती हवीही असते.

प्रश्न : आम्ही रंकाळ्याजवळच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. हॉलच्या खिडकीतून तलाव दिसतो. फर्निचर अगदी साधे आहे. जुन्या घडणीची एकच वस्तू घेता येईल एवढी ऐपत आहे. पडद्यांना फुलापानांची नक्षी घ्यावी असे मनात आहे. योग्य होईल का? (एक दांपत्य, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या खिडकीत तलाव असताना पडद्यावर फुलांची गर्दी करू नये, असे मी सुचवेन. पाणी, त्यावरचे बदलते आभाळ आणि पलीकडची झाडे हे दृश्य पडद्याच्या चौकटीत येते, आणि चौकट जितकी साधी तितके चित्र स्वच्छ दिसते. तिथे विरळ विणीचे, न रंगवलेल्या सुताचे साधे पडदे लावावेत. नक्षी खिडकीच्या समोरच्या भिंतीकडे न्यावी, म्हणजे जो खिडकीकडे पाठ करून बसेल त्याच्याही नजरेसमोर काही हिरवे राहील. ठशांच्या छपाईचा एकच मोठा कापडी पट, वरखाली लाकडी दांडी घालून टांगला तरी पुरे. भाड्याच्या घरात भिंतीला दोनच खिळे लागतात आणि घर बदलताना तो गुंडाळून नेता येतो.

वस्तू एकच घ्यायची तर आरामखुर्ची घ्यावी. झोपाळ्याचा मोह मलाही होतो, परंतु त्याच्या कड्या स्लॅबमध्ये बसवाव्या लागतात आणि भाड्याच्या घरात घरमालकांची परवानगी व भक्कमपणा या दोन्ही अडचणी येतात. जुनी खुर्ची घेताना ती उलटी करून पाहावी. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली पिठासारखा ताजा भुसा दिसला तर आत किडा जिवंत आहे. अशी खुर्ची कितीही सुरेख असली तरी घरी आणू नये, कारण तो किडा तुमच्या इतर लाकडी सामानातही जाऊ शकतो. सांधे हलत असतील तर घाबरू नये, ते सुतार नीट बसवून देतो. खुर्चीवर कापड अजिबात नको. फक्त मानेशी एक लहान लोड, त्याला भिंतीवरच्या पटातला एखादा रंग असलेली साधी खोळ.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी आले. सागवानी दिवाण आणि दोन खुर्च्या वाचल्या, पण पाय काळे पडले आहेत, सांधे खिळखिळे झाले आहेत आणि गाद्या टाकून द्याव्या लागल्या. आता खोली पुन्हा उभी करायची आहे. मुलगी म्हणते की नवे सामान घ्यावे. दुरुस्ती करण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

उत्तर : आपण एवढे सोसल्यानंतर घरातील त्या तीन वस्तू राहिल्या आहेत, तेव्हा दुरुस्तीचा विचार आधी व्हावा असे मला मनापासून वाटते, आणि तांत्रिकदृष्ट्याही ती शक्य आहे. जुन्या फर्निचरचे सांधे बहुधा सरसाने चिकटवलेले असतात. सरस पाण्याने मऊ होतो, म्हणून सांधे सुटले. लाकूड मोडलेले नाही. सुताराने सांधे पूर्ण उकलून, जुना सरस गरम पाण्याने धुऊन, लाकूड सुकल्यावर ते नव्याने चिकटवावेत. वरून खिळे किंवा स्क्रू ठोकून सांधा आवळू देऊ नये, त्याने पुढे लाकूड चिरते. पायांचा काळेपणा हा बराचसा लाकडातील तुरट द्रव्य आणि खिळ्यांचे लोखंड यांच्या पाण्यातील संयोगाचा डाग असतो. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तो पुष्कळसा उतरतो, मात्र ते विषारी असल्याने काम जाणत्या पॉलिशवाल्याकडूनच, हातमोजे घालून आणि मुलांपासून दूर व्हावे. जो डाग तरीही राहील तो राहू द्यावा.

कापडाची मांडणी पुराची आठवण ठेवून करावी. तळमजल्यावर जड, खिळ्यांनी ठोकलेली गादी दिवाणावर बसवू नये. सुट्या गाद्या, सुटे लोड-तक्के आणि चेनच्या खोळी असाव्यात, म्हणजे पंचगंगेचे पाणी वाढल्याची बातमी येताच अर्ध्या तासात सगळे वरच्या मजल्यावर नेता येते. पडदे जमिनीला टेकवू नयेत. जमिनीवर चिकटवलेला गालिचा टाळावा. त्याऐवजी इचलकरंजी किंवा सोलापूरकडील सुती सतरंजी घालावी, ती धुता येते आणि उन्हात वाळवता येते. दिवाणाच्या तक्क्यांना मात्र मनसोक्त नक्षी घ्यावी. सागवानाचा मधासारखा रंग निळीच्या पानाफुलांजवळ फार उजळ दिसतो, आणि चार तक्क्यांचे कापड पुन्हा घेणे परवडते. आपल्या लेकीला नवे काही हवे आहे, तर या नक्षीची निवड तिच्याकडे द्यावी.

प्रश्न : ठशांच्या छपाईचे अभ्रे पहिल्याच धुण्यात रंग सोडतात, आणि पावसाळ्यात तागाच्या आसनांना व गालिच्याला कुबट वास येतो, पांढरी बुरशीही धरते. उपाय सांगावा. (एक वाचक भगिनी, राजारामपुरी)

उत्तर : पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा रंग निघणे हे हातछपाईच्या कापडात स्वाभाविक आहे; तो कापडाला न धरलेला, वरवरचा रंग असतो. असे अभ्रे पहिल्यांदा थंड पाण्यात, वेगळे, सौम्य साबणाने धुवावेत, भिजत ठेवू नयेत, पिळून गोळा करून ठेवू नयेत आणि उलटे करून सावलीत वाळवावेत. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो असे घरोघरी सांगितले जाते, पण छपाईच्या वेळी जो रंग धाग्यात बसला नाही तो नंतर मिठाने बसत नाही. चौथ्या धुण्यातही पाणी रंगीत येत असेल तर छपाईच कच्ची आहे. असे कापड फिकट रंगाच्या बैठकीवर ठेवू नये, दमट हवेत त्याचा रंग खालच्या कापडाला लागतो. विकत घेतानाच पांढरा रुमाल किंचित ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर घासून पाहावा.

ताग हवेतील ओल फार लवकर शोषून घेतो, म्हणून तागाच्या वस्तू मे महिन्याच्या अखेरीस कडक उन्हात तापवून, ब्रशने झाडून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. बुरशी धरली असेल तर ती खोलीत झटकू नये, बाहेर उन्हात नेऊन झाडावी. त्या चार महिन्यांसाठी मी स्वतः धनगरी घोंगडी अंथरते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली काळीभोर घोंगडी पावसाळ्यातही ऊबदार राहते आणि तिच्या साध्या, उग्र पोतामुळे शेजारचे कोरीव लाकूड अधिकच नाजूक दिसते. नवी असताना ती टोचते आणि तिला मेंढीचा वास येतो. काही दिवस वाऱ्यावर टांगून ठेवली की दोन्ही कमी होते. पावसाळा संपून दसऱ्याच्या आधीची झाडलोट निघाली की घोंगडी उन्हात घालून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवून आत जाते आणि तागाचा गालिचा पुन्हा बाहेर येतो.